साबुरीचं दार कुणी उघडलं

टांगा शहरात, न्गामियानीच्या बाराव्या गल्लीत बी म्वाकाला कुणी फारसं विचारत नसे. बी म्हणजे बाई. ओट्यावर तिचं पायाचं शिलाई मशीन होतं. बायका त्यावर नवे खांगे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायची छापील कापडं, आणून टाकत, "बी, आजच्या आज हं!" म्हणत आणि पुढे जात. जोडीचा खांगा मधोमध कापायचा, कडा दुमडून शिवायच्या, एवढंच तिचं काम. गळा, बाही तिला जमत नव्हतं, आणि जमतं असं ती कधी म्हणालीही नाही. नवरा कधीच दुसरीकडे नांदायला गेला होता. पोरंबाळं नव्हती. लग्नाकार्यात बसायला तिला जागा मिळे ती स्वयंपाकाच्या चुलीजवळची, म्हणजे उठून काम करायला सोपं.

पण मशीनला टेकून ठेवलेल्या तिच्या फोनमध्ये दोनशे चौदा माणसं होती, आणि ती सगळी बी म्वाकाच्या एका शब्दासाठी ताटकळत बसायची. त्यांत दार एस सलामचा एक डॉक्टर होता. मस्कतला राहणाऱ्या दोघी बहिणी होत्या. मोंबासा बंदरातला एक साहेब होता, ज्याच्यापुढे म्हणे ट्रकवाले चळाचळा कापत. तो साहेब बी म्वाकाला मेसेज करायचा, तो असा: "बी, आपली सवड झाली असेल तर माझ्या कथेकडे एक नजर टाकाल का? घाई नाही."

ही सगळी 'म्लांगोनी'ची मंडळी. म्लांगोनी म्हणजे दारापाशी. दर गुरुवारी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर रेडिओवर लागणारी ही मालिका अकरा वर्षं चालली. साबुरी नावाची एक बाई, तिचा नवरा म्शामू गलबतावर. तो एकदा गेला तो परतलाच नाही, दूरच्या बंदरात त्यानं दुसरा संसार थाटला. साबुरी ओट्यावर बसायची, पाठीमागे बंद दार. येणारा-जाणारा तिथे टेकायचा आणि आपली रामकहाणी सांगायचा. एवढीच मालिका. पण त्या वेळी किनाऱ्यावरच्या कुठल्याही गल्लीतून चाललात तर पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एक वाक्यही चुकायचं नाही. मग लिहिणारा माणूस वारला, मालिका अर्ध्यात थांबली, आणि केंद्रातल्या कुणा शहाण्यानं टेपा पुसून त्यांवर पुढाऱ्यांची भाषणं भरली. राहिलं ते लोकांच्या कानात राहिलं.

रेडिओनं जे सांगितलं नाही ते लोक स्वतः लिहायला लागले. साबुरीचं लहानपण, म्शामूच्या दुसऱ्या बायकोची बाजू, शेजारणीच्या मुलाचं लग्न. कुणी दोन पानं लिहायचं, कुणी दोनशे. काम फावल्या वेळाचं, पण शिस्त अशी की एखाद्या कचेरीनं येऊन शिकावी. प्रत्येक कथेच्या डोक्यावर चार ओळी पाहिजेतच: कथेचं नाव, लेखक, इस्त्री, साक्षीदार. इस्त्री म्हणजे लिहिण्यातल्या सुरकुत्या काढणारी माणसं. त्यासाठी मस्कतच्या बहिणी होत्या आणि त्या फार गरम इस्त्री फिरवतात अशी सगळ्यांची तक्रार होती. ग्रुपची किल्ली कोरोग्वेच्या शेमदोए मास्तरांकडे. कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, ते ठरवत. तीस वर्षं शाळा चालवलेला माणूस. फोनमध्येसुद्धा हजेरी घ्यायचा.

आणि साक्षीदार बी म्वाका. कथेतली एखादी गोष्ट मालिकेत खरंच घडली होती की नाही, ते ती सांगणार. बरोबर असेल तर खाली दोन शब्द टाकायची: "मी ऐकलंय." ते पडल्याशिवाय कथा ग्रुपवर यायची नाही, मग ती डॉक्टरची असो नाहीतर साहेबाची.

तिला स्वतःला गोष्ट रचता येत नव्हती. दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्यांदा साबुरी आणि शेजारीण सहा पानं नुसता चहा पीत बसल्या. दुसऱ्यांदा चहासुद्धा झाला नाही. पण कान असा, की एखादा भाग विचारला तर मशीनवरचा पाय न थांबवता ती तो सांगायची, खोकल्यासकट. या कानाची गल्लीत कुणाला गरज नव्हती. ग्रुपमध्ये होती. पन्नाशीला आलेल्या बाईला कुणीतरी पहिल्यांदाच "आपण" म्हणत होतं. तिला ते आवडायचं, आणि आवडतं याची थोडी लाजही वाटायची.

आणखी एक रीत होती. कुणाच्या कथेपुढे आपण लिहायचं असेल तर सगळ्यांदेखत त्याचं नाव घेऊन विचारायचं. परवानगी असेल तर लेखकानं उत्तर द्यायचं, "ये, बस." ओट्यावर कुणी आलं की साबुरी हेच म्हणायची. लेखकानं उत्तर दिलं नाही तर शब्दही लिहायचा नाही. या रीतीवरून एकदा दोघा मित्रांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं.

या सगळ्या पसाऱ्याचा खांब म्हणजे पाण्याचा गुरुवार. अकरा वर्षांत साबुरीचं दार एकदाच उघडलं, ते त्या दिवशी. म्शामू परत आला, त्यानं तीनदा टकटक केली. त्या आठवड्यात वादळानं अर्ध्या किनाऱ्यावरचा रेडिओ बंद होता, त्यामुळे तो भाग धड कुणीच ऐकला नव्हता. ग्रुप सुरू झाला तेव्हा बी म्वाकानं तो सांगितला. साबुरी उठली. कुरकुरत दार उघडलं. तिनं त्याला बघितलं. आत गेली, माठातलं पाणी काढलं. पेला पुसला, पुन्हा पुसला. पाणी दिलं. तो प्यायला. तिनं विचारलं, अजून? त्यानं मान हलवली, तिनं अजून दिलं. मग ती स्वतः बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि तो उंबऱ्यात उभा राहिला. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सकाळी तो नव्हता, पेला होता.

हे वाचल्यावर ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग हळूहळू कुणाकुणाला आठवायला लागलं. साहेबानं लिहिलं की आपण तो भाग ऐकून रडलो होतो. डॉक्टरला तो पेला पितळेचा होता हेही आठवलं. मास्तरांनी त्या प्रसंगाच्या संथपणावर मोठा लेख लिहिला, की बघा, लेखक किती सावकाश जातो, घोट घोट. त्या एका गुरुवारावर पुढे एक्केचाळीस कथा उभ्या राहिल्या.

आणि त्याच गुरुवाराला तौहिदानं हात घातला.

तौहिदा पांगानीची, बावीस वर्षांची, नुकतीच आत आलेली. तिनं पहिलीच कथा पाठवली ती अशी: म्शामू टकटक करतो आणि दार उघडत नाही. साबुरी आतून कडीवर हात ठेवून उभी असते, रात्रभर. कथा चांगली होती, बी म्वाकालाही ते कळलं. पण तिनं रीतीप्रमाणे लिहिलं, "असं मी ऐकलं नाही."

पोरीनं उत्तर दिलं, "बी, माफ करा. माझे आजोबा म्लांगोनीत आवाज काढायचे. पावलं, समुद्र, टकटक, सगळं तेच. ते म्हणतात दार कधी उघडलंच नाही."

झालं! ग्रुपवर मोहोळ उठलं.

"कालची पोर बी म्वाकांना शिकवणार!"

"तो भाग लागला तेव्हा बाईसाहेबांचा जन्म तरी झाला होता का?"

"माझा नव्हता," तौहिदानं लिहिलं, "आजोबांचा झाला होता."

त्यावर मस्कतच्या धाकट्या बहिणीनं हसण्याचं चिन्ह टाकलं आणि थोरलीनं दटावल्यावर काढून घेतलं. मास्तरांनी ग्रुपला कुलूप लावलं आणि बी म्वाकाला फोन केला.

"बी, तुम्ही फक्त एक शब्द बोला. आत्ताच्या आत्ता पोरीला बाहेर काढतो."

"अहो, पण तिचे आजोबा तिथे होते म्हणतेय."

"म्हातारा माणूस. विसरला असेल."

"आणि मीच विसरले असेन तर?"

"बी म्वाका," ते म्हणाले, "एक्केचाळीस कथा आहेत. माझा लेख आहे. तुम्ही विसरला असाल तर ते मला सांगू नका."

फोन ठेवल्यावर बी म्वाकानं हातातला खांगा उलट्या बाजूनं शिवून टाकला. आपण चुकलो तर काय उरतं, याचा तिनं हिशोब केला आणि उत्तर सोपं निघालं: मशीन उरतं. उद्यापासून तिला कुणी "सवड झाली असेल तर" म्हणणार नव्हतं. दोन दिवस तिनं हे चावून चावून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अंगावर काळा बुईबुई चढवला, मशीनवर कापड टाकलं आणि पांगानीची बस धरली.

कळवलं होतं, म्हणून तौहिदा बसपाशी न्यायला आली होती. चेहरा रडवेला. "बी, तुम्ही कशाला आलात? मी कथा मागे घेते. आजोबा चिडलेत माझ्यावर, एवढ्या मोठ्या बाईला तू खोटं ठरवलंस म्हणून."

"चल गं, आधी घरी तर चल," बी म्वाका म्हणाली. पोरीला चार शब्द सुनवायचे असं ती वाटेत ठरवत आली होती, ते तिच्या तोंडून निघालेच नाहीत.

तौहिदाचे आजोबा, म्झे फाकी, नारळाच्या झाडाखाली चटईवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलणं आणि पावलं ऐकून त्यांनी ओळखलं. "टांग्याची ना तू पोरी? चप्पल डावीकडे जास्त झिजलीय तुझी. मशीन चालवतेस?"

बी म्वाका चाटच पडली. ज्या कानाचा तिला आजवर अभिमान होता, तो या म्हाताऱ्यापुढे काहीच नव्हता.

त्यांनी नातीला खूण केली. तिनं घरातून एक खोकं आणलं. त्यात वाळूची पिशवी होती, नारळाच्या करवंट्या होत्या, आणि एका जाड फळीवर ठोकलेली लोखंडी बिजागरी होती.

"हे साबुरीचं दार," फाकी म्हणाले. "लामूच्या एका जुन्या घराची बिजागरी आहे. शंभर बिजागऱ्या वाजवून बघितल्या, तेव्हा ही सापडली. लेखक म्हणायचा, फाकी, तयार ठेव, एक दिवस उघडू. अकरा वर्षं मी तिला तेल लागू दिलं नाही. दर गुरुवारी पिशवीत घालून न्यायचो आणि तशीच परत आणायचो. म्शामू आला त्या दिवशी वाटलं, आज! तीनदा टकटक केली. लेखकानं मला हातानं थांबवलं. मग नुसता समुद्र. पंधरा मिनिटं मी वाळू हलवत बसलो होतो पोरी, हात भरून आले."

"पण मी ऐकलाय," बी म्वाका म्हणाली. "दाराचा आवाज. आत्तासुद्धा कानात आहे माझ्या."

म्हातारा रागावला नाही. "बघ बरं, हाच का?" म्हणाला, आणि दोन्ही हातांनी त्यानं ती फळी सावकाश ओढली.

जड, खोल, जुन्या लोखंडाचा आवाज निघाला. तौहिदा पुढे सरकली. तिनंही तो कधी ऐकला नव्हता.

बी म्वाका ऐकत राहिली. हा तो नव्हता. तिच्या कानातला आवाज बारीक होता, ओलसर होता, आणि शेवटी शेवटी त्याला हसू फुटलं होतं. हसणारं दार कुठे असतं? आणि मग तिला कळलं. तो तोंडानं काढलेला आवाज होता. रिझिकीनं काढलेला.

सतरा वर्षांची असताना बी म्वाका टायफॉईडनं दवाखान्यात होती. तीन आठवडे. अन्न बघितलं की तोंड फिरवायची, अंगात काही उरलं नव्हतं. थोरली बहीण रिझिकी रोज सूर्य मावळायला मक्याची पातळ पेज घेऊन यायची आणि नर्स हाकलेपर्यंत बसायची. त्या गुरुवारी म्वाका रडत होती. म्शामू येणार होता आणि वॉर्डात रेडिओ नव्हता. रिझिकी म्हणाली, "आधी जेवून घे, मग सांगते काय झालं ते." एक चमचा, एक वाक्य. साबुरी उठली. चमचा. दार उघडलं, तोंडानं कुरकुर करून दाखवलं, पलीकडच्या खाटेवरची म्हातारी हसली, रिझिकीलाही हसू फुटलं. चमचा. पेला पुसला. वाटी अजून अर्धी होती, म्हणून पुन्हा पुसला. पाणी दिलं. अजून? अजून दिलं. वाटी संपली तेव्हा कुठे साबुरी ओट्यावर येऊन बसली.

मालिका लागायच्या वेळी रिझिकी तिच्या उशाशी होती. तिला ती ऐकायला मिळणार कुठून? एवढी साधी गोष्ट बी म्वाकाच्या डोक्यात तीस वर्षांत आली नव्हती. तापातलं ऐकणं आणि रेडिओवरचं ऐकणं कधी एक झालं, तिला समजलंही नाही.

"काय झालं पोरी?" फाकींनी विचारलं.

तिनं सांगितलं. सगळं, वाटीसकट. म्हाताऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं, मग फळीवरून हात फिरवला. "लेखकाला हे सुचलं असतं तर," तो म्हणाला, "माझी बिजागरी वाया गेली नसती."

परतीच्या बसमध्ये बी म्वाका खिडकीकडे तोंड करून रडली. लाज कमी होती त्यात, आठवण जास्त. रिझिकी जाऊन सहा वर्षं झाली होती. चौथीतून शाळा सुटलेली, सही सोडून तिला काही लिहिता यायचं नाही. ग्रुप सुरू झाला तेव्हा ती होती. पाण्याच्या गुरुवारावरची एक कथा म्वाकानं तिला मोठ्यानं वाचून दाखवली होती. रिझिकी हसून हसून खोकली आणि म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं गं?" "रेडिओवर झालं होतं ना ताई, विसरलीस?" रिझिकीनं तिच्याकडे नीट बघितलं होतं. मग म्हणाली होती, "झालं असेल बाई," आणि पुन्हा वाचायला लावली होती. एकदा नाही, तीनदा.

मास्तरांना न विचारता काही करायचं नाही, म्हणून घरी पोचल्यावर तिनं त्यांना फोन केला. वाटीपर्यंत सगळं सांगून ती मोकळी झाली. मास्तर बराच वेळ हं हं करत राहिले. शेवटी म्हणाले, "पेजेच्या वाटीवर मी बावीस पानांचा लेख लिहिलाय तर!" आणि स्वतःच हसायला लागले. "बी, लोक काय म्हणतील ते म्हणतील. कुलूप काढतो मी. तुम्ही लिहा."

आधी तिनं तौहिदाच्या कथेखाली लिहिलं: साक्षीदार, म्झे फाकी. यापुढे साक्ष त्यांना विचारा, माझा कान तापलेला होता. मग जन्मात पहिल्यांदा तिनं ग्रुपवर एक कथा टाकली. दवाखाना, वाटी, चमचे, सगळं जसं घडलं तसं. रचायचं काही नव्हतंच. वर रीतीप्रमाणे चार ओळी:

कथेचं नाव: पाण्याचा गुरुवार.
लेखक: रिझिकी बिंती शोमारी, न्गामियानी.
इस्त्री: कुणी नाही.
साक्षीदार: म्वाका. मी ऐकलंय.

फोन मशीनला टेकवून ती कापड दुमडत बसली. दोनशे चौदा माणसांनी वाचलं आणि कुणी ब्र काढला नाही. चला, संपलं आपलं, असं ती मनाशी म्हणाली. एक खांगा झाला, दुसरा झाला. मग साहेबाचा मेसेज आला: "मी तो भाग ऐकून रडलो नव्हतो. आज रडलो. माफी असावी." डॉक्टरनं विचारलं, "बी, पेला कशाचा होता?" तिनं लिहिलं, "ॲल्युमिनियमची वाटी होती, डॉक्टर. एका बाजूला चेपलेली."

दुपार कलली, अस्रची बांग झाली तेव्हा तौहिदाचा मेसेज आला. सगळ्यांदेखत, नाव घेऊन, रीतीप्रमाणे.

"रिझिकी बिंती शोमारी, तुमच्या कथेपुढे मी लिहू का?"

बी म्वाकाचा पाय मशीनवरच थांबला. उत्तर लेखकानंच द्यायचं असतं. दोनशे चौदा माणसं गप्प राहून वाट बघत होती, आणि किल्लीवाल्या मास्तरांनीही मध्ये तोंड घातलं नाही. ओट्यासमोर एक बाई येऊन उभी राहिली, "बी, माझा खांगा झाला का?" म्हणाली. बी म्वाकानं तिला हातानं थांबवलं. मग फोन उचलला आणि बहीण जे म्हणाली असती ते लिहिलं.

"ये, बस. आधी जेवून घे."